हललेलं कुत्रं

फोटोत सात मुलं आहेत, दारात उभी असलेली एक बाई आहे आणि एक हललेलं कुत्रं आहे. मुलं रस्त्याच्या मधोमध एका ओळीत, हात शिवणीला लावून उभी. रस्त्याच्या कडेने पाटाएवढा ओहोळ वाहतोय आणि प्रत्येक घरापुढे त्यावर एकेक फळी टाकलेली. घरांची छपरं गवताने शाकारलेली, भिंती पांढुरक्या. सगळं स्पष्ट उमटलंय. फक्त कुत्र्याला सहा-सात पाय आहेत आणि तोंडाच्या जागी धुराचा पुंजका.

“पोरांना फोटोवाल्याने दम भरला होता,” शेजारच्या आजी म्हणाल्या. “कुत्र्याला कोण दम भरणार?”

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. संधिवाताने बोटाचं पेर वाकडं झालेलं, त्यामुळे ते नेमकं कुठे टेकलंय हे कळायला मला खाली वाकावं लागे. डावीकडून तिसरी मुलगी म्हणजे त्यांची आई. दारातली बाई म्हणजे आईची आई. तिने एप्रनखाली हात लपवलेत, कारण ते ओले आहेत. आज सोमवार आहे ना.

“सोमवार कशावरून?”

बोट सरकलं. घराच्या मागे कुंपणावर पांढरं काहीतरी होतं. इतका वेळ मी ती फुलं समजत होते. चादरी होत्या.

कार्डाच्या मागे अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट आणि १९०८ सालचा शिक्का. गावाचं नाव छापलेलं होतं, इंबर. इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात, सॅलिस्बरी प्लेन नावाच्या भल्यामोठ्या माळरानाच्या मधोमध असलेलं गाव. हे त्यांचं आजोळ.

मी राहते स्विंडनला. तेही विल्टशरमध्येच, पण गाव कसलं, रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेलं शहर आहे. इथे आम्ही गोव्याची माणसं पुष्कळ. पोर्तुगीज पासपोर्टच्या जोरावर आलो, गोदामांत आणि इस्पितळांत कामाला लागलो. बस स्टॉपवर उभं राहिलं की कोकणी कानावर पडते. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात या आजी एकट्या राहत. त्यांची चाकांची कचरापेटी दर गुरुवारी रस्त्यावर नेऊन ठेवायची ती मी, आणि त्याबद्दल चहा द्यायच्या त्या, असा आमचा व्यवहार होता. त्यांना आजी मी फक्त मनातल्या मनात म्हणायची. तोंडावर नावानेच हाक मारायची, इथली रीतच तशी. पहिले सहा महिने ते नाव माझ्या जिभेवर अडकत असे. मी ओळखू लागले तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या.

फोटो एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. आमच्याकडे अशा डब्यात सुईदोरा आणि बटणं असतात. मी आधी तेच समजून उसवलेल्या बाहीसाठी तो मागितला होता. त्या डब्याने माझी पुढची चार वर्षं खाल्ली.

एका रविवारी आम्ही त्यांना गाडीतून लेकॉकला घेऊन गेलो, पाऊण तासावर. ज्यांना छायाचित्रणाची आवड आहे त्यांनी हे नाव ऐकलेलं असेल. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट इथल्या मठवजा वाड्याचा मालक. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याने वाड्यातल्या जाळीदार खिडकीची निगेटिव्ह कागदावर उमटवली. आकार टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा. ताजी असताना भिंगातून पाहिलं तर खिडकीच्या काचेचे सुमारे २०० तुकडे मोजता येत, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. फ्रान्समध्ये डागेरने केलेला फोटो म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची एकुलती एक नक्कल. टॅल्बटची निगेटिव्ह म्हणजे साचा, हव्या तेवढ्या प्रती काढा. त्याचे कॅमेरे म्हणजे लाकडाच्या छोट्या पेट्या. वाड्याभोवती तो त्या इथेतिथे ठेवून द्यायचा आणि बराच वेळ तशाच सोडायचा. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. जगातला कुठलाही मोठा शोध घरच्या बाईला कसा दिसतो, याचा हा उत्तम नमुना.

त्याच टॅल्बटचा १८४४ सालचा एक फोटो आहे, ‘उघडं दार’. तबेल्याचं दार अर्धं उघडं, चौकटीला खराटा टेकवलेला, भिंतीवर कंदील. माणूस नाही. आजी बराच वेळ तो फोटो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “असा कोणी खराटा ठेवत नाही. वाटेत येतो.”

आणि खरंच, तो खराटा मांडलेला आहे. टॅल्बटने हा विषय अनेकदा टिपून पाहिला, खराट्याची तिरकी सावली दारावर हवी तशी पडेपर्यंत. आपल्या पुस्तकात त्याने डच चित्रकारांचा हवाला दिला आहे: तेही अशाच रोजच्या, साध्या गोष्टी रंगवत. म्हणजे खेड्यातल्या रोजच्या आयुष्याचा हा अगदी सुरुवातीचा फोटो काढतानाच रोजचं आयुष्य थोडं आवरून, नीट लावून ठेवलेलं होतं. खराटा कोणाच्या हातचा, हे मात्र पुस्तकात नाही. ‘शिडी’ नावाच्या दुसऱ्या फोटोत तीन माणसं आहेत. तीही मजकुरात बिननावाचीच.

जुन्या फोटोंकडे बघताना तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. फोटोत काय नाही, ते मी आधी बघते. इंग्लंडच्या खेड्यांचे हजारो फोटो उपलब्ध आहेत, त्याचं एक कारण टपालखातं. १९०२ साली इथल्या टपालखात्याने कार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायला परवानगी दिली. दुसरी बाजू चित्राला मोकळी झाली. मग काय, गावोगाव फोटोवाले सायकलीवर तिपाई बांधून फिरू लागले. गावात पोचले की शाळा सुटायची वाट बघायची आणि पोरांना रस्त्यावर उभं करायचं. जितकी पोरं जास्त, तितक्या आया कार्ड विकत घेणार. एडवर्ड राजाच्या काळातल्या प्रत्येक इंग्रजी खेड्यात मुलं रस्त्याच्या मधोमध का उभी असतात, याचं हे उत्तर आहे. थोडी ऐपत असलेल्या घरी कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० सालापासून आलेला, किंमत पाच शिलिंग. पण त्यातही कोणी धुणं टिपत नव्हतं. पिकनिक, कुत्री आणि नवी टोपी टिपत होते.

त्यामुळे धुणं मला आजींच्या तोंडून ऐकावं लागलं. हा सगळा भाग खडूच्या दगडाचा. विहीर खोल आणि पाणी जड, साबणाला फेस येत नाही. (आजही स्विंडनच्या पाण्यात माझी तूरडाळ शिजता शिजत नाही आणि किटलीत पांढरी खपली धरते.) म्हणून धुण्यासाठी छपराचं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवायचं. पहाटे पाचला भट्टीत बसवलेल्या तांब्याच्या हंड्याखाली जाळ करायचा. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पुरुषांचे शेतातले. उरलेल्या साबणाच्या पाण्याने मागची फरशी घासायची आणि त्याच्याही उरलेल्या पाण्याने डुकराचा गोठा. त्या दिवशी जेवायला रविवारचं उरलेलं थंड मांस, कारण चुलीवर जागाच नाही. “आई सोमवारी बोलत नसे,” आजी म्हणाल्या. “मंगळवारी इस्त्री. मंगळवारी बोलायची.”

डुक्कर प्रत्येक घरी. नोव्हेंबरात कापायचं, आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात नाही. आज तुमचं, पंधरा दिवसांनी आमचं, म्हणजे ताजा वाटा गावात फिरत राहतो. आमच्या पलीकडची मडगावची बाई हे ऐकून खूष झाली. पुढच्या रविवारी तिने डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलचा डबा आजींना नेऊन दिला. आजींनी पावासोबत तो संपवला आणि “आमच्या मामीला हे जमलं असतं,” असा शेरा दिला. यापेक्षा मोठी पावती त्यांच्याजवळ नव्हती.

डब्यातल्या एका फोटोत शेतात वाकलेल्या बायका होत्या, आणि मी म्हटलं, कापणी. बोट हललं, नाही. कापणी पुरुषांची. ही नंतरची गोष्ट. शेतकऱ्याने शेवटची पेंढी उचलली की बायका-पोरं शेतात शिरायची आणि पडलेल्या ओंब्या वेचायची. विल्टशरच्या बोलीत याला लीझिंग म्हणत. मी म्हटलं, आमच्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या आजीने वेचलेल्या गव्हाचं पीठ नाताळपर्यंत पुरे. फोटोखाली मात्र छापलंय ‘सुगीचे आनंदी दिवस’.

फोटो बाहेरच्याने काढलेला असला की असं होतं. विल्टशरच्या लोकांना बाहेरचे मूनरेकर म्हणतात, चंद्र ओढणारे. आजींनी ती गोष्ट मला तीनदा तरी सांगितली. रात्री काही गावकरी तळ्यात दाताळं घालून काहीतरी ओढत होते. जकातीचे शिपाई आले. काय चाललंय? गावकऱ्यांनी पाण्यातल्या चंद्राच्या प्रतिबिंबाकडे बोट केलं, तो चीजचा गोळा पडलाय, तो काढतोय. शिपाई पोट धरधरून हसले, खेडवळ कुठले, असं म्हणत घोड्यावरून निघून गेले. मग गावकऱ्यांनी तळ्यात बुडवलेली चोरट्या ब्रँडीची पिंपं बाहेर काढली. बाहेरचे ही गोष्ट पहिल्या अर्ध्यापर्यंतच सांगतात, आजी म्हणायच्या.

इंबरलाही तळी होती, पण वेगळी. माळावर नदी नाही, मेंढ्या हजारो. त्यांना पाणी पाजायला माथ्यावर दवाची तळी बांधत. इंबरची माणसं यात पटाईत. सुगी संपली की त्यांची टोळी हत्यारं घेऊन बाहेर पडे ती वसंतापर्यंत दूरदूरच्या परगण्यांत तळी बांधत फिरे. आजींच्या आईचे वडील त्यात होते. त्यांचा एक फोटो डब्यात आहे: चार माणसं, गुडघ्यापर्यंत माती, हातात आपल्या धुमसासारखं लाकडी ठोकणं. आधी बशीसारखा उथळ खड्डा खणायचा. मग चिकणमाती पाण्यात तुडवून थर द्यायचा आणि चोप चोप चोपायचा, भेग एक राहता कामा नये. त्यावर चुना, म्हणजे गांडुळं भोकं पाडत नाहीत. त्यावर गवताचा पेंढा आणि वर खडूच्या दगडाचा चुरा, मेंढ्यांच्या खुरांनी माती फुटू नये म्हणून. अशी तळी उन्हाळ्यातही आटत नसत. दवाने भरतात, असा पक्का समज. जाणकारांनी मोजमाप केल्यावर कळलं की ती मुख्यतः पावसानेच भरतात. आजींना हे सांगितलं तर त्या रागावल्या. “आजोबांनी दव म्हटलं म्हणजे दव.”

आता १९४३.

सॅलिस्बरी प्लेनवरच्या जमिनी लष्कर १८९७ पासून घेत होतं. पहिल्या महायुद्धानंतर शेतीला वाईट दिवस आले, तसे जमीनदार विकत गेले. दुसरं युद्ध आलं तोवर इंबरची बहुतेक सगळी शेतं आणि घरं सरकारची झाली होती. माणसं तीच, चुली त्याच, भाडं मात्र युद्धखात्याला. आमच्या गोव्यातल्या मुंडकारांसारखी गत. घर पिढ्यान्‌पिढ्या तुमचं आणि खालची जमीन दुसऱ्याची. युद्ध किती जवळ आलंय याचा एक तडाखा गावाने आधीच पाहिला होता. १३ एप्रिल १९४२ ला इंबरजवळ विमानांच्या माऱ्याचं प्रात्यक्षिक होतं. एका वैमानिकाने बघ्यांनाच लक्ष्य समजून गोळ्या झाडल्या. २५ माणसं गेली, ७१ जखमी झाली. सगळी आपल्याच बाजूची.

१ नोव्हेंबर १९४३. त्या दिवशी गावाला शाळेत बोलावलं. मी पंचांग उलटं मोजून पाहिलं, तोही सोमवारच होता. आजींची मामी दोरीवर कपडे तसेच टाकून, एप्रन सोडून शाळेत गेली. ४७ दिवसांत गाव रिकामं करायचं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायच्या लढाईसाठी अमेरिकन सैनिकांना गल्लीबोळांत लढायचा सराव हवा होता. गावात जेमतेम दीडशे माणसं. कोणी भांडलं नाही. युद्ध चालू होतं आणि प्रत्येकाच्या घरातला कोणीतरी त्यात होता. युद्ध संपलं की परत येऊ, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. लेखी किती आणि तोंडी किती, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले.

“मामी परत आली तेव्हा धुकं पडून कपडे पुन्हा ओले झाले होते,” आजी म्हणाल्या. हे त्यांना मामीने सांगितलेलं, आणि दर खेपेला त्या ते याच शब्दांत सांगत.

१७ डिसेंबर ही शेवटची तारीख. तेव्हा आजी नऊ वर्षांच्या. सामान हलवायला वडिलांबरोबर गाडीवर बसून त्या आजोळी गेल्या. बायकांनी फडताळांत डब्यातलं अन्न तसंच ठेवलं होतं, परत आल्यावर लागेल म्हणून. मामीने शेवटच्या सकाळी चूल विझवली, राख काढली आणि लोखंडी चुलीला काळं पॉलिश लावलं. ब्रशने घासून घासून चकचकीत केली. मामा बाहेरून हाका मारत होता. “अमेरिकन आले तर काय म्हणतील,” असं मामी म्हणाली म्हणे. या चुलीचा फोटो नाही. आजीच म्हणाल्या, चुलीचा फोटो कोण काढतं?

गावच्या लोहाराची गोष्ट मात्र इंबरचं नाव काढणारा प्रत्येक जण सांगतो. आल्बर्ट नॅश त्याचं नाव, चाळीसहून अधिक वर्षं भाता चालवलेला. बातमी कळल्यावर तो ऐरणीवर डोकं टेकून रडताना बायकोला सापडला. गाव सोडल्यावर काही आठवड्यांतच गेला आणि पुरायला इंबरला परत आणला गेला. डॉक्टरांनी काहीही लिहिलेलं असो, लोक म्हणतात छाती फुटून गेला.

युद्ध संपलं. गाव परत मिळालं नाही. २२ जानेवारी १९६१ ला दोन हजारांवर माणसं मोटारींतून आणि पायी, मनाईच्या पाट्या ओलांडून इंबरमध्ये शिरली. आजींचे वडील त्यात होते. चौकशी बसली, निकाल लष्कराच्या बाजूने लागला. वर्षातून काही दिवस चर्च उघडायची मुभा राहिली, इतकंच.

त्या मुभेच्या जोरावर २००९ पासून एक गंमत चालते. ऑगस्टमधल्या एका शनिवारी वॉर्मिन्स्टर स्टेशनहून लंडनच्या जुन्या लाल दुमजली बसगाड्या इंबरला जातात. मार्गाचा क्रमांकही आहे, २३ ए. मी आजींना घेऊन गेले. वरच्या मजल्यावर जायचा त्यांचा हट्ट. दोघांनी धरून चढवलं. दोन्ही बाजूंना रणगाड्यांनी उकरलेली पांढरी माती, ‘न फुटलेला दारूगोळा, रस्ता सोडू नका’ अशा पाट्या आणि मध्येच लंडनचा बस स्टॉपचा खांब रोवलेला. माळावर सध्या ग्रेट बस्टर्ड आणून सोडलेत. आपल्या नान्नजच्या माळढोकाचा हा गोरा चुलता. १८३२ नंतर ब्रिटनमधून नाहीसा झालेला हा पक्षी २००४ पासून इथे पुन्हा वाढवताहेत. जिथे माणसांना मज्जाव, तिथे पक्ष्यांना बरं. आम्हाला काही तो दिसला नाही.

गावात उतरल्यावर आजींनी पर्समधून ते कार्ड काढलं. रस्ता तोच, पण घरं नाहीत. काही जुन्या भिंती, त्यांवर लष्कराने घातलेले पत्रे. मग विटांची एकसारखी पोकळ घरं, ना दारं ना काचा. ती सत्तरच्या दशकात सैनिकांच्या सरावासाठी बांधली. ओहोळ कोरडा. आजी काठी टेकत चालल्या, थांबल्या, कार्ड बघितलं, परत चालल्या. एका काटेरी झुडपापुढे उभ्या राहिल्या. “चादरी इथे,” म्हणाल्या. झुडपापलीकडे जायला बंदी होती.

सेंट गाइल्सचं चर्च तेवढं शाबूत आहे. भिंतीवर घंटा वाजवायच्या क्रमाचं सतराव्या शतकातलं रंगवलेलं कोष्टक आहे. दगडात कोरलेले जुने सरदार होते, ते शेजारच्या एडिंग्टनच्या चर्चमध्ये हलवले. आत फळ्यांवर गावचे जुने फोटो लावले होते: शाळेचा गट, मळणीचं वाफेचं इंजिन, मेंढ्यांचा कळप, चहाच्या मेजवानीच्या लांब बाकांवर बसलेल्या बायका. गर्दी होती. लोक चष्मे सावरून बघत होते आणि ‘किती सुंदर’ म्हणून पुढे सरकत होते. आजींनी शाळेच्या फोटोवर बोट ठेवलं आणि एक नाव घेतलं. काठी टेकून बसलेल्या दुसऱ्या एक वृद्ध बाई मागून म्हणाल्या, “चूक. तो धाकटा. थोरल्याचा कान फाटलेला होता.” दोघी भांडू लागल्या. गर्दी पुढे सरकायची थांबली. एका तरुण मुलाने खिशातून वही काढली आणि मधे मधे विचारून लिहून घेऊ लागला. कान नेमका कशाने फाटला यावरही त्यांचं एकमत झालं नाही. वीसेक मिनिटं तरी हे चाललं असेल. त्या दिवशी त्या चर्चमध्ये मी जे ऐकलं ते कुठल्याही फळीवर लिहिलेलं नव्हतं.

तिथे बाकावर बसून मला माझी आजी आठवली. तिचं माहेर कुर्डी, सांगे तालुक्यातलं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हटलं की गाण्यातल्या माणसांना लगेच कळेल. साळावली धरणाचं पाणी आलं आणि ऐंशीच्या दशकात गाव त्याखाली गेलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव महिनाभर वर येतं. तेव्हा विस्थापित झालेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनेला. मी दहा-अकरा वर्षांची असताना आजीने मला नेलं होतं. भेगाळलेला चिखल, चिऱ्यांचे चौथरे, माडांचे काळे बुंधे. ती चपला काढून एका चौथऱ्यावर चढली आणि पायाच्या अंगठ्याने दाखवत गेली. ही ओसरी. ही देवाची खोली, सांभाळ, उंबरा आहे. ही चूल. मला नुसता चिखल दिसत होता आणि मला तहान लागली होती. मी काहीही लक्षात ठेवलं नाही. तिच्या त्या घराचा एकही फोटो नाही. आमच्यात फोटो म्हणजे लग्नात, नाहीतर स्टुडिओत, मागे रंगवलेला ताजमहाल. इंग्लंडातल्या एका परक्या गावातली सोमवारची धुणी मला आज माहीत आहेत आणि माझ्या आजीच्या घराला खिडक्या किती होत्या ते माहीत नाही.

इंबर रिकामं झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, टॅल्बटची नात मटिल्डा हिने लेकॉकचा वाडा आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. तेव्हापासून लेकॉक जसं होतं तसं जपलंय. विजेच्या तारा जमिनीखालून, छपरांवर अँटेना नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबरीपासून हॅरी पॉटरपर्यंत सगळ्यांचं चित्रीकरण तिथे होतं. एकाच परगण्यातली, एकमेकांपासून फार लांब नसलेली दोन गावं; एक तोफांच्या सरावाला गेलं, एक कॅमेऱ्याच्या. लेकॉकला गेलो होतो तेव्हा रस्त्यावर मी आजींचा फोटो काढत होते. मागे एका घराच्या खिडकीत चहाचा कप घेतलेला माणूस दिसला. मी कॅमेरा वर केला आणि त्याने पडदा ओढला. मला त्याचं बरोबर वाटलं.

आजींना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी डबा पुढ्यात घेऊन बसायचं ठरवलं. त्या बोट ठेवायच्या, मी मागे लिहायची. पहिल्या दिवशी मी पेनाने लिहिलं आणि त्यांच्या आईच्या कपाळावर निळा डाग उमटला. त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून बाजारहाटाच्या यादीची शिसपेन्सिल आणून माझ्या हातात दिली. मार्चपर्यंत ६१ फोटो झाले. १९ तसेच राहिले. त्यांतल्या माणसांवर ठेवायला त्यांच्याजवळ नाव नव्हतं. डबा त्यांचा भाचा घेऊन गेला. १९०८ चं कार्ड त्याने मला ठेवायला दिलं. मागे माझ्या अक्षरात सात मुलांची नावं आहेत, दारातल्या बाईचं नाव आहे, ‘सोमवार, हात ओले’ असं आहे. कुत्र्याचं नाव विचारायचं राहिलं.

तुमच्या घरीही कपाटावर असा एखादा डबा असेल, आणि त्यातल्या माणसांवर बोट ठेवणारं कोणीतरी अजून घरात असेल. या रविवारी डबा खाली काढा. पेन घेऊ नका, शाई उतरते.